माझ्या गुडघ्याचा आवाज मागून आला

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वाशिम येथील माझ्या डाव्या गुडघ्यातलं दुखणं गेल्या हिवाळ्यात, अनसिंग रोडवर, सकाळी सकाळी मला सोडून गेलं. ते कुठे गेलं हे मला माहीत आहे. कसं गेलं हे कुणालाच माहीत नाही. कृपया हसू नये.

आधीच सांगतो... मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. उभी हयात मोटारपंप दुरुस्त करण्यात गेली. पंप बंद पडला तर आत वायंडिंग जळालेलं असतं, भूत बसलेलं नसतं. पण हा किस्सा सांगायचा तर आधी दिलीप सांगावा लागतो.

दिलीप माझा साडभाऊ. माझी बायको सुनंदा, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पन्नाशीला आलाय आणि पोट नाही! या वयात पोट नसणं हा मी बाकीच्यांचा अपमान समजतो. मनगटावर घड्याळ, तेही काळजाचे ठोके मोजणारं. घामसुद्धा त्याला नीटनेटका येतो... कपाळावर चार थेंब, फोटोपुरते. मला घाम आला की लोक विचारतात, "पाइप फुटला काय बावा?"

दरवर्षी आमच्या इथे एकवीस किलोमीटरची शर्यत असते. असते अर्धीच, पण गावात तिला मॅरेथॉनच म्हणतात. त्या दिवशी आमचे सासरे, म्हणजे मामाजी, आसेगावहून स्वतःच्या वावरातल्या झेंडूचा हार घेऊन येतात. त्यांचा नियम सरळ आहे. शर्यत कोण जिंकतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दोन जावयांत जो आधी येईल, हार त्याच्या गळ्यात. मी पळायला लागल्यापासून तो हार दिलीपच्याच गळ्यात. आणि तो हार घालून घेताना अशी मान झुकवतो, की जणू नकोच होता!

या खेपेला मी ठरवलंच होतं. अन् नेमका सरावात वावराकडच्या पांदणीत बैलगाडीच्या चाकोरीत पाय गेला आणि गुडघा पिरगळला. सूज उतरेना. वर त्याला आवाज फुटला. चालताना दोन बारीक आणि एक मोठा... कट, कट, कटाक! सुनंदा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असली तरी ओरडायची, "फ्रिज उघडू नका!"

डॉक्टर म्हणाले, पळायचं नाही.

"डॉक्टर नाई म्हणते तं कायले जाता मरायले?" सुनंदा म्हणाली.

"हार पाहिजे."

"मी आनून देतो ना बजारातून! दोन घाला गळ्यात."

"थो इकतचा झाला. मले मामाजीच्या हातचा पाहिजे."

ती माझ्याकडे बघत राहिली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे तिनं मला पाटावर बसवलं. पत्रावळीवर भाकर, दहीभात, लिंबू, लाल मिरच्या. वर माझ्या जुन्या क्रेप बँडेजचा तुकडा, तेल-हळदीच्या डागासकट. ते सगळं तिनं गुडघ्यावरून उतरवलं. मला हसू येत होतं.

"हसू नका. जो वलांडन त्याले लागते थे," असं दटावून ती बाहेर पडली. उतारा ठेवायला जाताना बोलायचं नसतं, येताना मागे पाहायचं नसतं... ती तशीच गेली, तशीच आली. घराजवळच्या तिवाट्यावर, जिथे तीन रस्ते मिळतात, तिथे ठेवून आली. या खेपेला शर्यतीचा रस्ता बदललाय आणि तो त्याच तिवाट्यावरून जातो, हे तिच्या गावीही नव्हतं.

शर्यत सुटली. पहिल्या पावलापासून गुडघ्यात कळ. कट, कट, कटाक. डावा हात मांडीवर दाबायचा, ओठ मुडपायचे आणि रेटायचं, अशी माझी चाल. तिवाट्यावर आलो तर तिथली गंमत पाहा. उतारा उचलायची स्वयंसेवकांपैकी एकाचीही हिंमत नाही, म्हणून त्यांनी शेजारी एक नारिंगी कोन ठेवलेला! पळणारे दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. मी बँडेज ओळखलं आणि जरा मोठाच वळसा घातला. मानत नाही, पण बँडेज आपलं होतं ना...

मागून दिलीप आला. हातात मोबाईल, सुरुवातीपासून व्हिडिओ काढत रमतगमत. "पाहा मित्रहो, अंधश्रद्धा!" म्हणाला आणि लिंबावर डावा पाय दिला. फच्च!

पुढे थोडं अंतर गेलो आणि जाणवलं, काहीतरी कमी आहे. आवाज नाही. कळ नाही. वाटलं, थंडीनं पाय बधिर झाला. दोन्ही बाजूंना तुरी फुललेल्या, रस्ता मोकळा, आणि मी चक्क पळतोय. आणि तेवढ्यात मागून आलं...

कट. कट. कटाक!

स्वतःचा गुडघा माणूस ओळखतो हो. मी थांबलो. आवाज थांबला नाही. वळून पाहिलं तर दिलीप. डावा हात मांडीवर, ओठ मुडपलेले. माझीच चाल!

"काय झालं रे?"

"काय मालूम भाऊ! गुडघ्यात काही शिरल्यावानी झालं. लय ठनकून राह्यलं!"

घाबरलो... साधारण विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. मग लक्षात आलं की मी पुढे आहे. आणि सुटलो!

शेवटच्या कमानीतून आत आलो. समोर मामाजी, हातात हार. मी मान झुकवली. अगदी दिलीपसारखी, नको-नको अशी. हार काही पडेना. वर पाहिलं तर मामाजींची नजर माझ्या खांद्यावरून मागे. मागे गलका. दिलीप लंगडत येत होता. माईकवरचा माणूस ओरडत होता, "जखमी वाघ, वाशिमकरहो, जखमी वाघ!" लोक मोबाईल काढून धावले. दोन बायका तर रडत होत्या. मामाजी माझ्या बाजूनं निघाले आणि हार सरळ त्याच्या गळ्यात!

"मामाजी, आधी मी आलो!"

"तुमी तं धडधाकट आहा जवाईबापू. यानं पाहा, केवढं दुखनं घिऊन पार केलं!"

केवढं दुखणं? तेच दुखणं मी घरात आठवडेच्या आठवडे सोसलं, तेव्हा मला काय मिळालं? "कन्हू नका, टीव्ही आयकू येत नाई!" त्यानं एक सकाळ सोसलं, तर हार. आणि खरं सांगू? माझंच दुखणं त्याच्या अंगावर जास्त शोभून दिसत होतं. जळून खाक झालो.

नंतर डॉक्टरांनी माझा गुडघा दाबून पाहिला, सूज नाही. दिलीपचा पाहिला आणि विचारात पडले. "हा गुडघा तुमच्या घरात फिरून राह्यला काय?" म्हणाले. बाकी त्यांनाही काही सांगता आलं नाही. दिलीप यथावकाश बरा झाला. माझा गुडघा आजही मुका आहे; मी मागे येऊन उभा राहिलो की सुनंदा दचकते. बँडेजचं दिलीपला माहीत नाही. "माह्या बहिनीले सांगसान तं याद राखा," अशी सुनंदाची तंबी आहे.

कुणी म्हणतं योगायोग, कुणी म्हणतं मनाचे खेळ. असेल. पण आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आणि तो का आला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पंप असता तर उघडून पाहिला असता.

राहता राहिलं एकच. त्या दिवशी हार पडल्यावर माईकवाल्यानं माईक माझ्या तोंडापुढे धरला आणि आपल्या शूर साडभावाबद्दल दोन शब्द बोला म्हणाला. दोन शब्द मी मनात जुळवलेही होते. पण सगळ्या मैदानाला कर्ण्यातून ऐकू गेलं ते हे...

"हार घाला त्याले, पन थो गुडघा माहा हाय!"