डाग डाव्या टाचेवर होता

हवालदार मारुती ढेबे यांच्यावर अन्याय झाला तो सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, रूट मार्चनंतरच्या फूट इन्स्पेक्शनला. करणारा मी, लान्स नाईक.

ढेब्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो; ते वेल्ह्याच्या डोंगरातले, मेंढपाळ घरातले. मार्च संपला की प्लाटून बूट काढून रांगेत बसायची. ते एकेकाचा तळवा उलटा करून बघायचे. फोड, चिखल्या, नखं, काही सुटायचं नाही. त्यांचे पाय मात्र कोणी बघत नसे. त्या दिवशी रजिस्टर माझ्याकडे होतं. मी हट्टानं बघितले. डाव्या टाचेवर डाग. कडा वेड्यावाकड्या, कुठं काळा, कुठं तपकिरी.

“उस्ताद, हे काय?”

“बिब्ब्याचा डाग हाय. भेगंवर आईनं घातला व्हता. तू काय डाक्टर झालास व्हय रं?”

प्लाटून हसली. मीही हसलो. रजिस्टरात लिहिलं: फिट.

तो मेलानोमा होता, कातडीचा कॅन्सर. निदान झालं तेव्हा जांघेत गाठ आली होती. उस्ताद गेले.

गोऱ्यांना होतो, उन्हानं होतो, एवढंच छापून पत्रकं वाटतात. संताप येतो! आपल्याकडे तो बऱ्याचदा तळव्यावर, नखाखाली निघतो. तिथं ऊन पोचतंच कुठं? तिथं टोपी कामाची नाही, नजर कामाची.

आता नोकरी सुटली. भातलावणी उरकली की मी भोरच्या गावांत फूट इन्स्पेक्शन घेतो. लोक हसतात. हसू देत!

यंदा उत्रोलीत, सकाळी नऊ वाजता, देवळाच्या ओट्यावर ओळीनं पाय. पाचव्या सखूकाकू. डाव्या तळव्यावर मसुराएवढा डाग.

“बिब्बा हाय त्यो,” काकू म्हणाल्या.

तेच शब्द! पण आता मी प्रश्न विचारला, जो तेव्हा विचारला नव्हता.

“काकू, बिब्बा कुठल्या पायाला घातला व्हता?”

“उजव्या.”

“अन् ह्यो डावा!”

काकूंनी पाय बघितला, मग शेजारणीकडं. “आगं, ह्यो खराच डाक्टर निगाला की!”

नऊ चाळीसला आम्ही पुण्याच्या एसटीत होतो. तिथं डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासला. मेलानोमाच, पण वरवरचा. वेळेत कापून काढला. दसऱ्याला काकू आपल्या पायांनी देवळात आल्या आणि ओट्यावर बसलेल्या बायांना दरडावलं, “पाय दावा गं!” मी टाळ्याच पिटल्या.

उस्तादांचा डाग मी बघितला आणि सोडला. तुम्ही सोडू नका. चपला काढा. दोन्ही तळवे, सगळी नखं बघा. डाग नवा असेल, वाढत असेल, कडा किंवा रंग बदलत असेल, तर बिब्बा घालू नका, ब्लेड लावू नका. थेट कातडीच्या डॉक्टरांकडे जा. मग घरात सगळ्यांचं बघणारं जे माणूस आहे, त्याचे पाय मांडीवर घ्या. त्याचे कोणी बघितलेले नसतात.

आत्ता. उठा.