आंबिवलीची पट्टी आणि घरचा नारळ

गुहागरहून एस.टी. सुटताना आईने पिशवीत झाडाचा नारळ घातला. "पहिल्या कामाला फोड हो." सातवीत शाळा सुटलेल्या मला आंबिवलीजवळच्या कारखान्यात एका दिवसाच्या चाचणीवर बोलावलं होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर उलटी एस.टी. ठाण्यापर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

वर्तकनगरात मावशीने भातावर सुक्या जवळ्याची चटणी वाढली तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. सकाळी कल्याणमार्गे आंबिवली गाठलं.

शेडमध्ये भट्टी, तिच्यापासून निघालेली भाजक्या मातीची पन्हळ आणि टोकाला दोन जाड, फिरते रूळ. अ‍ॅल्युमिनियमचा रस रुळांमध्ये शिरतो आणि पलीकडून जीभ काढल्यासारखी पातळ पट्टी बाहेर येते.

"भांड्यांची नाय हां," मुकादम हरीदादा म्हणाले. ते तिथल्याच आगरी वस्तीतले. "हिचे पत्रे होतान, छपरं उभी राहतान."

मी हात जोडले आणि पन्हळीच्या कडेवरच नारळ फोडला. पाणी थेट आत.

"भट्टीचं बूच काढू नको!" हरीदादा भट्टीवाल्यावर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "अरं दादूस (भाऊ), पानी कला (कशाला) टाकलंस? ओल्या मातीवर रस आला तं बॉम्ब फुटल!"

"कोकणातून डायरेक्ट विसर्जनाला आला," भट्टीवाला हसला.

मला समोर एस.टी.च दिसली. पण हरीदादांनी माझ्या हातात गॅसचा बर्नर दिला. "सुकव. सुकली का ते तूच सांग." पन्हळ कोरडी ठणठणीत होईपर्यंत हललो नाही. मग मी 'सुकली' म्हणालो आणि भट्टीवाल्याने रस सोडला. रुळांच्या पोटात थंड पाणी खेळतं म्हणून पट्टी गोठते, बाहेर मात्र थेंब चालत नाही. पट्टी आली, कुठे फाटली नाही.

पट्टी बघायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "उशीर का?"

"पन्हळ ओली होती," हरीदादा म्हणाले. "या पोराने सुकवली."

साहेबांनी मान डोलावली. मला उद्यापासून यायला सांगितलं.

खोबरं आम्ही गेटबाहेर वाटून खाल्लं. "तुझ्या देवाला सांग, हितंच थांब. आत बूट लागतान," हरीदादा हसले.

शिमग्याला गावी गेलो. गावात फोन नव्हता, त्यामुळे आईला सगळं तेव्हाच कळलं. मी नेलेला पट्टीचा तुकडा तिने देवापुढे ठेवला. परक्या गावात माझ्यासाठी कुणी दोन शब्द बोललं, त्यावर आमचं घर उभं राहिलं होतं.

निघताना तिने पुन्हा नारळ घातला. "हा हरीदादांना. कुठे फोडायचा, ते त्यांनाच विचार."