लाइनीवरची बाई

विमलताई फोन उचलून कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. 'बोला, ऐकते आहे,' एवढंच म्हणायच्या, आणि समोरचा माणूस नकळत नीट बोलू लागायचा.

ओजस, सई, तुमची ही आजी तरुण होती तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून वाट बघावी लागे. मग एक्स्चेंजमधली ऑपरेटर दोन टोकं जोडून द्यायची. कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या विमलताईंनी हे काम अठ्ठावीस वर्षं केलं. पुढे गल्लोगल्ली थेट परगावी फोन लावायचे एसटीडीचे बूथ झाले आणि त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. त्या म्हणत, 'आता लोक थेट भांडतात. आम्ही निदान कॉलची तीन मिनिटं संपली की थांबवायचो.'

त्या निवृत्त झाल्यावर रोज दुपारी चार वाजता मी त्यांना इंग्रजी पुस्तक वाचून दाखवू लागले. वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. असंच आम्ही एक गाजलेली कादंबरी वाचली. तिच्यातलं सरकार सगळ्यांचे फोन चोरून ऐकतं. नायक-नायिका पळून जातात, लपतात. पण विमलताईंना त्या दोघांचं काहीच नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता हेडफोन लावून बसलेल्या एका बाईत. त्या दोघांचा ठावठिकाणा तिच्या कानावर पडतो आणि तिथेच पुस्तक संपतं.

'म्हणजे? तिनं वर सांगितलं की नाही?'

'ते वाचकांवर सोडलंय.'

'वाचकांवर कशाला? लिहायचे पैसे काय वाचक घेतात?' विमलताई खरोखरच चिडल्या होत्या. नंतरही अधूनमधून जिन्यात थांबवून विचारायच्या, 'कुसुमताई, काय वाटतं तुम्हाला? सांगितलं असेल तिनं?'

तुमचा बाबा हिंजवडीतली नोकरी सोडून तिकडे परदेशी गेला, त्या वर्षी त्या कादंबरीचा दुसरा भाग निघाला. बाबानं तो मला पाठवला. विमलताईंचं हृदय तेव्हा थकलं होतं. त्या बऱ्याचशा पडूनच असत. पुस्तक बघून मात्र उशीला टेकून ताठ बसल्या.

उत्तर बाराव्या पानावरच होतं. त्या बाईनं सांगितलं होतं. मी ते वाक्य इंग्रजीत वाचलं, विमलताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हटलं, 'तिनं कुणालाच सांगितलं नाही.'

'अहो, थांबा. हे पुस्तकात नाही.'

'कशावरून?'

'खोटं बोलणारा माणूस आधी एक जास्तीचा श्वास घेतो. आत्ता तुम्ही घेतलात. जे छापलंय ते सांगा.'

मी सांगितलं. त्या बराच वेळ चादरीची घडी बोटांनी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मीही सांगितलं होतं.'

त्यांच्या तेव्हाच्या शेजारची सुनंदा. कॉलेजातली मुलगी. तिनं नागपूरच्या एका मुलाला ट्रंक कॉल लावला आणि तो नेमका विमलताईंच्या हातात आला. आवाज ओळखीचा, म्हणून नियम मोडून त्या ऐकत राहिल्या. दोघं पळून जाऊन लग्न करणार होते. संध्याकाळी विमलताईंनी ते सुनंदाच्या आईच्या कानावर घातलं. महिन्याभरात मुलीचं कॉलेज सुटलं आणि सोलापूरच्या एका स्थळाशी लग्न लागलं.

'तिच्या भल्यासाठीच केलं, असं इतकी वर्षं म्हणत आले. भलं झालं का, ते कधी विचारलं नाही. तिला तर आजही ठाऊक नाही, कुणी सांगितलं ते.'

मी म्हटलं, 'तेव्हाचा काळच तसा होता.'

'काळाच्या कानाला हेडफोन नव्हता, कुसुमताई. माझ्या होता.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही. सुनंदाचा भाऊ मंडईत फळं विकतो, त्याच्याकडून तिचा नंबर आणायला मला पाठवलं. नंबर मिळाला. मी लावून देते म्हटलं, तर म्हणाल्या, 'हा माझा मी लावणार.' पहिल्यांदा बोट चुकलं. दुसऱ्यांदा पलीकडे घंटा वाजू लागली.

'सुनंदा? मी विमलमावशी बोलते आहे, पुण्याहून. तुला एक सांगायचं राहिलंय.'

मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. गॅलरीत उभी राहून खालच्या रिक्षा मोजत राहिले. आत त्या किती वेळ बोलत होत्या आणि किती वेळ ऐकत होत्या, मला माहीत नाही. हाक आली तेव्हा आत गेले. डोळे लाल होते. 'चहा टाका,' म्हणाल्या, 'आज साखर घालून.'

पुढे दीड महिन्याने त्या गेल्या. सुनंदा आली होती. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. फोनवर काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.