ओट्याचा ढाळ

माझं काम वाचवलं ते शेजारच्या चाळीतल्या आत्यांनी. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं डब्याचं सांगता सांगता त्यांचं राहून गेलं तर मला चैन पडायचं नाही. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय. "नाव टाकलंस तर अख्खी चाळ विचारत बसेल, काय दिवे लावलेत म्हणून."

डबा म्हणजे मालकांची कॅरॅव्हॅन. दोन चाकांची खोली, गाडीमागं ओढत न्यायची. आत पलंग, ओटा, सिंक आणि गॅसवर चालणारा फ्रिज. कल्याणच्या एका कारागिराकडून ती बांधून घेतलेली, सुट्टीला मुरबाडकडं जाणाऱ्या कुटुंबांना भाड्यानं द्यायला. मालक राहतात ठाण्यात, खोपटला. डबा डोंबिवलीत, कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, आणि त्याची राखण करायला पत्र्याच्या खोलीत मी. माझं गाव पार किनवटच्या पुढं. आठवीतनं शाळा सुटली, मग इकडंतिकडं करत इथं आलेलो.

काम तसं सोपं. डबा जिथं उभा करायचा तिथं तो सपाट बसवायचा. खोलगट बाजूच्या चाकाखाली फळी घ्यायची, चाकांना गुटके लावायचे, पुढचा दांडा फिरवून डब्याचं नाक वर-खाली करायचं, शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. पाय नुसते टेकवायचे, त्यांच्यावर डबा उचलायचा नाही. गवंड्याकडं असते तसली लेव्हल मालकांनी घेऊन दिलेली. ती मी ओट्यावर ठेवायचो आणि बुडबुडा मधोमध आला की हुश्श करायचो. मी मुळात घाबरट, त्यामुळं पुन्हापुन्हा बघायचो.

तरी तक्रारी यायच्या. कुणी म्हणायचं, झोपलं की डोक्याकडं घसरायला होतं. दार आपोआप उघडायचं. फ्रिज तर गारच करायचा नाही. असला फ्रिज तिरका राहिला की चालत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर त्या बुडबुड्याला एवढा जपायचो. गाडीला जोडतानाही मी लेव्हल ओट्यावरच ठेवून हुकाची उंची धरलेली. रस्त्यात ब्रेक मारला की डबा नाक खाली घालून गाडीला ढुशी द्यायचा.

शेवटी एका घरातल्या तान्ह्या पोराचं दूध फ्रिजमध्ये नासलं. मालकांचा फोन आला. "बांधणीतच खोट आहे रे. रविवारी एक जण बघायला येतोय. देऊन टाकू." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. डबा गेला की माझं कामही गेलं. आणि इकडं मी आईला कळवलेलं, आता पक्कं लागलं म्हणून. तिनं सगळ्या गल्लीला सांगितलेलं.

शुक्रवारी सकाळी मी डबा पुसत होतो. शेवटचाच म्हणून जरा जास्तच. आत्या कालवणाची वाटी घेऊन आल्या. मी आल्यापासून त्यांच्याच नळाचं पाणी भरतो आणि बऱ्याचदा त्यांच्याच हातचं जेवतो.

"काय रे, सुतक आल्यासारखं तोंड का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता वाटी ओट्यावर ठेवली, हाताला लागलेलं धुतलं आणि सवयीनं ओट्यावर सांडलेलं पाणी सिंककडं लोटलं. पाणी हललं आणि तिथंच थबकलं.

"हे पाणी जात का नाही रे?"

"जाईल कसं? लेव्हल आहे आत्या." मी लेव्हल ठेवून दाखवली. "बघा, बुडबुडा बरोब्बर मधे."

 आत्या हसत सुटल्या, पार पदर तोंडाला लावून.

"अरे येड्या, स्वयंपाकाच्या ओट्याला ढाळ असतो! कारागिरानं मुद्दाम सिंककडं उतरता केलाय, पाणी जावं म्हणून. तू ओटा सपाट केलास आणि घर वाकडं!"

 आमच्या घरी चूल जमिनीवर. ओटा म्हणजे आमच्याकडं दाराबाहेर बसायची जागा. तिथं माणसं बसतात, तो सपाटच पाहिजे. हा ओटा तसलाच, एवढंच मी धरून चाललेलो.

"झोपायचं कुठं? ओट्यावर? मग जिथं झोपायचं तिथं ठेव ती पट्टी."

पलंगाच्या फळीवर ठेवली. बुडबुडा पार टोकाला जाऊन बसलेला.

मग आत्या आत, मी बाहेर दांड्यापाशी. मी दांडा फिरवतोय आणि त्या आतून ओरडतायत, "आला, आला... अजून... थांब थांब, गेला मेला पुढं! घे मागं!" चाळीतल्या बायका दारात येऊन विचारतायत, कोण आलं, कोण गेलं. शेवटी आत्या म्हणाल्या, "बसला. आता हलवशील तर बघ." दार उघडं सोडलं तर होतं तिथंच राहिलं. पाणी सुळकन सिंकमध्ये गेलं. फ्रिज लावला आणि आत्यांनी त्यात ताकाचा तांब्या ठेवला.

रविवारी मालक आले, सोबत ते गिऱ्हाईक. मालकांनी फ्रिज उघडला, तांब्याला हात लावला आणि तसाच ठेवला हात. मग पेला मागितला.

"कोणी केलं हे?"

"आत्यांनी," मी म्हटलं.

गिऱ्हाईक ताक पिऊन गेलं. डबा राहिला. मीही राहिलो.

हुकही मी वर घेतला, आता डबा ढुशी देत नाही. पावसाळ्यात प्लॉटवर उभा असतो तेव्हा मात्र फ्रिज बंद करून नाक मुद्दाम थोडं वर ठेवतो, छतावरचं पाणी मागं निघून जावं म्हणून. आत्या जाता-येता विचारतात, "ढाळ दिलास ना रे?"

एकदा म्हणाल्या, "मला बाबा ह्यात एकदा झोपायचंय. सकाळी दुसऱ्या कुणी केलेला चहा प्यायचाय."

मालकांना अजून विचारलेलं नाही, धीर होत नाही. पण विचारणार. आत्यांना ह्याच डब्यातनं आमच्या गावी नेणार, आईच्या अंगणात डबा उभा करणार, लेव्हल पलंगावर ठेवून. सकाळचा चहा मी करीन. त्या दिवशी आत्यांनी ओट्याला हात लावायचा नाही.