उगवतीकडे तोंड केलेला पत्रा

संभाजीनगरहून पिशोरला निघालो तेव्हा जीपमध्ये माणसांपेक्षा पत्राच जास्त होता. आमच्या सर्वेक्षणाच्या विमानातलं रडार जमिनीकडे तिरक्या लहरी सोडतं. त्या आपटून परत येतात आणि त्यावरून डोंगरदऱ्यांची उंची कळते. पण रडारच्या चित्रातली जागा जमिनीवर नेमकी कुठली, हे ठरवायला खाली एक परावर्तक (कोपऱ्यासारखे जोडलेले तीन मोठे पत्रे) मांडावा लागतो. चित्रात त्याचा लख्ख ठिपका उमटतो. अट एकच: तोंड विमानाच्या वाटेकडे हवं. इथे ती वाट मावळतीच्या बाजूने होती.

पिशोरपलीकडच्या दरीत साहेबरावकाका नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात तो मांडला. या दरीत पाझर तलाव होईल का, हे याच उंचीच्या नकाशावरून ठरणार होतं, आणि काकांची विहीर संक्रांतीलाच तळ गाठायची. त्यांनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आग्रहाने वाढलं.

"याला हात लावायचा नाही," निघताना मी दहा वेळा बजावलं.

"नाय लावत, साहेब. लई जपतो."

मुक्काम कन्नडला होता; विमान दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. सकाळी नेमकं चाक पंक्चर झालं, आणि आमच्या चालकाने जॅक घरी ठेवलेला! चरफडत शेतात पोचलो, तर परावर्तकाला हळद-कुंकू, पुढे फोडलेला नारळ, बुडाशी चिखलात पक्के बसवलेले दगड, आणि तोंड थेट उगवतीला. मी कपाळावर हात मारला.

"काका, हे फिरवलं कुणी?"

"म्याच. पुजा केली ना, साहेब. पाणी देणारी चीज हाय ती. मावळतीला तोंड करून कसं पुजावं?"

भांडायलाही वेळ नव्हता. विमानाची घरघर ऐकू येत होती. दोघांनी हातांनी दगड उपसले. पत्रा निम्मा वळला नाही तोच विमान निघून गेलं. परवानगी एकाच फेरीची होती. मला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

संभाजीनगरला परतल्यावर चित्र पाहिलं. बाकी सगळे ठिपके लख्ख, काकांच्या शेतात काहीच नाही. उंचीचा भरवसा नाही म्हणून ती दरी यंदाच्या तलावांच्या यादीतून गळाली. मी तिरीमिरीत काकांना फोन लावला आणि मनात साठलेलं सगळं बोललो: लहरी, ठिपका, मावळतीची वाट.

"हे आधी सांगितलं असतं ना, साहेब," शेवटी ते हळूच म्हणाले, "तर मी रातभर त्याचं तोंड धरून बसलो असतो."