गप्प बसणाऱ्यांची दुभाषी

कचेरीत तिला सगळे दुभाषीबाई म्हणत आणि पाठीमागे साहेबांची जीभ. परदेशी कंपन्या जमीन बघायला आल्या की ही त्यांच्यासोबत. त्यांचं बोलणं इकडे, इकडचं तिकडे; पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा कचेरीचा नियम आणि तिचा तोराही. राहायची एकटी, आणि घरात पाऊल टाकलं की आधी रेडिओ लावायची. बातम्या, जाहिराती, काहीही चालायचं. शेजारीण म्हणायची, "अहो, कानांना जरा विसावा द्या." ही हसण्यावारी न्यायची, कारण खरं सांगितलं असतं तर शेजारणीने तिला वेड्यात काढलं असतं. रेडिओ बंद केला की खोलीत माणसं येऊन बसायची.

मिठागराच्या वस्तीतली माणसं. मान खाली, हात मांडीवर, तोंडातून अवाक्षर नाही. त्यांच्याकडे पाठ करून तिने कितीदा तरी भाजी चिरली होती.

परदेशी गुंतवणुकीच्या कायद्यात तेव्हा सरळ लिहिलं होतं: सुनावणीत कोणी हरकत घेतली नाही, तर संमती आहे असं धरावं. मसुदा करणाऱ्यांनी कुठला तरी दूरचा कायदा समोर ठेवला असणार, जिथली माणसं पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणतात. इकडे असं कोण म्हणतं? दारात आलेल्याला बसायला द्यायचं, चहा द्यायचा आणि मनात नसेल तर मूग गिळून बसायचं. समजणाऱ्याला तेवढं पुरतं, न समजणाऱ्यासाठी मात्र कायदा होता.

मिठागराच्या सुनावणीत साहेबांनी कोणाची हरकत आहे का विचारलं, तिने ते वस्तीला विचारलं. पुढच्याच रांगेत तिची मामी बसली होती. आई गेल्यावर हिला लहानाचं मोठं केलं ते मामीने. शाळेच्या सहलीला जाऊ का म्हटलं की मामी अशीच खाली बघत बसायची, आणि हिला कळायचं की जायचं नाही. कंपनीच्या पाहुण्याने विचारलं, "काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत," तिने सांगितलं.

त्यात काडीचंही खोटं नव्हतं. महिन्याभरात वस्ती उठली, मिठागरावर भराव पडला. मामा-मामीला डोंगराच्या उतारावर खोली मिळाली. खाऱ्या वाऱ्याला मुकलेला मामा तिथे फार जगला नाही. मामीने हिला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढे तक्रारी झाल्या, कायदा दुरुस्त करायला समिती बसली. हिने नोकरीची पर्वा न करता समितीपुढे जाऊन सांगितलं, "आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे नकार असतो." समितीने मान डोलावली, आणि दुरुस्ती झालीही. यापुढे प्रत्येकाला समोर बसवून विचारायचं, आणि तोंडाने स्पष्ट हो आलं तरच संमती. त्या दिवशी तिने घरी जाऊन रेडिओ लावला नाही. खोली खरोखरच रिकामी होती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीला तोच डोंगराचा उतार हवा झाला.

ही सुनावणीला गेली ती निर्धास्त. गप्प बसा, मनात म्हणाली, पोटभर गप्प बसा. कंपनीचा पाहुणा अंगणात बसला होता, हातात वस्तीनेच दिलेला चहा. पहिला म्हातारा समोर आला. तिने नियमाप्रमाणे विचारलं, "तुमची संमती आहे का?" म्हाताऱ्याने पाहुण्याकडे बघितलं, चहाच्या कपाकडे बघितलं, आणि कसनुसं हसून म्हणाला, "हो."

मागून दुसरा आला, तोही हो म्हणाला. तिसरीही. सगळ्यांना उद्देशून विचारलं तर गप्प बसता येतं. एकट्याला समोर बसवून, नाव घेऊन विचारल्यावर गप्प बसणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? समितीपुढे सुचलं नव्हतं, इतकंच.

मग मामी आली. खुर्चीवर बसली, पदर नीट केला. हिने प्रश्न विचारला आणि जन्मात पहिल्यांदा पदरचं घातलं. "मामी, नाही म्हणता येतं. कोणी रागावणार नाही."

"घरी आलेल्या माणसाला?" मामी हळूच म्हणाली. "आणि तुझी नोकरी आहे ना गं."

"नोकरी गेली चुलीत. नाही म्हण."

मामीने तिचा हात थोपटला. मग पाहुण्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हो."

पाहुण्याने दुभाषीबाईकडे बघितलं. तिने त्याच्या भाषेत तो एवढासा शब्द सांगितला. तो खुशीत हसला. मामी खुर्चीवरून उठता उठता थांबली.

"कधी निघायचं तेवढं कळव," ती म्हणाली. "या खेपेला एकटीला बांधाबांध करायची आहे."