नाव न घेता

रंगनाथ माने तासगावचा. त्याला कतारला आणलं ते मिरजेच्या दिलावरभाईंनी. दोघेही सुतार, काँक्रीट ओतण्याआधीचे फळ्यांचे साचे ठोकणारे. दोह्याच्या नजमा भागातल्या खोलीत खालच्या बंकवर दिलावरभाई, वरच्या बंकवर रंगनाथ. भाकरी दिलावरभाई थापायचे, कालवण रंगनाथ करायचा.

वर्ल्डकपसाठी स्टेडियमचं काम जोरात सुरू झालं, तेव्हा हाँगकाँगच्या इंजिनीयरने रंगनाथला फोरमन केलं. त्याच्या कँटोनीज बोलीत ‘दुक’ असा एक शब्द होता. माणसांवर नजर ठेवायची, मागे लागून काम उरकून घ्यायचं, म्हणजे दुक. तो हवेत बोट टोचून रंगनाथला एवढंच सांगायचा, आणि रंगनाथ निघायचा.

पहिले काही दिवस त्याला लाज वाटली. मग जमायला लागलं. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा, असं ओरडत तो टोळीमागून फिरायचा. दिलावरभाईंचा हात वयानं मंदावला होता. एकदा इंजिनीयरने त्यांच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा रंगनाथ त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत ओरडला, “ए बुढ्ढे, यल्ला!”

दिलावरभाईंचा हातोडा भरभर चालू लागला.

त्या संध्याकाळी त्यांनी एकट्यापुरत्या भाकऱ्या थापल्या. रंगनाथने माफी मागायचं मनात आणलं, पण सकाळी पुन्हा साइटवर ओरडायचंच होतं. तो वरच्या बंकवर चढून झोपला. पुढे दिलावरभाईंनी दुसऱ्या खोलीत जागा घेतली आणि मॅचेस सुरू व्हायच्या आधीच कायमचे गावी निघाले.

रंगनाथ त्यांची बॅग उचलून टॅक्सीपर्यंत गेला. म्हणाला, “दिलावरभाई, वरून सांगायचे हो. माझा इलाज नव्हता.”

“कामाला लावलंस त्याचं काही नाही रे,” दिलावरभाई म्हणाले. “कुणीतरी लावणारच होतं. पण मला माझं नाव होतं ना?”

रंगनाथने बॅग डिकीत ठेवली. टॅक्सी गेली.

ईदला त्याने मिरजेला फोन लावला. दिलावरभाईंच्या बायकोने, हमिदाभाभींनी, उचलला. ते बाहेर गेलेत, म्हणाल्या. मागून दिलावरभाईंचा आवाज स्पष्ट येत होता. कुणा पोराला ते हसत काहीतरी सांगत होते. रंगनाथने भाभींना ईद मुबारक म्हटलं, तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

नंतर त्याने तो नंबर कधी लावला नाही.